घाटात गाडी बंद पडली तेव्हा

शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट इथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती, म्हणून या भागाला शीव म्हणू लागले. टेकडीवरचा इंग्रजांचा जुना किल्ला त्याच हद्दीवर नजर ठेवायला बांधलेला. आता खाडीवर भराव पडले, पूल झाले, हद्द कुठच्या कुठे गेली. पण मुंबई सोडून कोकणात किंवा देशावर जायचे तर शीव-पनवेल महामार्ग अजूनही आमच्याच दारातून निघतो. हा रस्ता आम्ही आजवर बसच्या खिडकीतून आणि ट्रकच्या मागच्या फळीवर बसून पाहिला. महाडला, देहूरोडला, भीमा-कोरेगावला जाताना वस्तीतली मंडळी अशीच जातात. यावेळी स्वतःच्या मोटारसायकलींवर जायचे ठरले. २५ डिसेंबर २०२२ ला मनुस्मृती दहन दिनी महाडला अभिवादन करायचे, मग घाट चढून सातारा, मसूर, देहूरोड, कार्ले असे करत परतायचे. एकूण सहाशेवीस किलोमीटर झाले आणि त्यात दोन्ही गाड्या मिळून पाच वेळा बंद पडल्या किंवा अडल्या. वाचकबांधवांना प्रवासाची हकीकत सांगायची ती या पाच वेळांचीच, कारण धावत्या गाडीवरून दिसते त्यापेक्षा बंद गाडीशेजारी उभे राहून माणसाला जास्त दिसते.

आम्ही चौघे होतो. मी, माझा भाचा, बेस्टमध्ये कंडक्टर असलेले एक स्नेही आणि महापालिकेच्या सफाई खात्यातले दुसरे. गाड्या दोन. एक अठरा वर्षांची जुनी, सव्वाशे सीसीची, कार्बोरेटरवाली. दुसरी तिच्याहून थोडी तरुण.

भाच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. दहावीनंतर त्याने आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि कुर्ल्याला एका गॅरेजमध्ये लागला. हात चांगला आहे. पण घरात त्याचे कौतुक नाही. माझ्या बहिणीची इच्छा होती की मुलाने मामासारखे बी.कॉम. व्हावे, परीक्षा द्यावी, टेबलावर बसावे. त्याच वर्षी दिवाळीनंतर एक स्थळ आले होते. मुलगी शिकलेली, घर धम्माचे, सगळे जुळत आले आणि "मुलगा करतो काय?" या प्रश्नावर अडले. गॅरेज म्हटल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "नखं काळी असतात का हो त्याची?" तिथेच विषय संपला. हे कुणा परक्याने विचारलेले नाही, आपल्याच बांधवाने विचारलेले आहे, म्हणून इथे लिहितो.

शिक्षणाची ओढ आपल्याला बाबासाहेबांनी लावली. पण शिक्षण म्हणजे फक्त खुर्ची असे त्यांनी कुठे सांगितले? १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यांसाठी कारागीर तयार करणारी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. असो.

शनिवारी २४ तारखेला पहाटे निघालो. निघताना शेजारच्या आजींनी हँडलला लिंबू-मिरची बांधायला आणली. कंडक्टर स्नेह्यांनी हात जोडून ती परत केली आणि म्हणाले, "आजी, लिंबाने चेन घट्ट होत नाही." भाच्याने मात्र रात्रीच दोन्ही गाड्या तपासल्या होत्या. ऑइल बदलले, ब्रेकचे लायनर पाहिले, चेनला तेल दिले. पिशवीत प्लग पाना, दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप, पंक्चरचे सोल्युशन आणि ठिगळे, काचपेपर, चेनचे लॉक, एक जादा प्लग आणि जादा क्लच वायर. एवढ्या सामानाला पिशवी भाजीच्या पिशवीएवढी झाली.

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चाललेले. आम्ही गेलो तेव्हा नागोठणे-कोलाडच्या पट्ट्यात कुठे रस्ता होता, कुठे रस्त्याची आठवण होती. अशा रस्त्यावर इंजिन बिघडत नाही, आधी नटबोल्ट सुटतात. आमच्या गाडीच्या सायलेन्सरचा बोल्ट कोलाडच्या आधी गळून पडला. तो तारेने आवळला. माणगावजवळ दुसऱ्या गाडीची चेन खड्ड्यात उसळून दातेरी चक्रावरून उतरली. धुळीने आणि धक्क्यांनी चेन सैल होते. खालून बोटाने वर ढकलली तर इंचभर हलावी. दोन-अडीच इंच हलू लागली की ती उतरणारच. भाच्याने मागच्या चाकाचा नट ढिला केला, चाक दोन्ही बाजूंनी सारखे मागे ओढले, चेन चढवली. पंधरा मिनिटांत गाडी चालू.

लोणेरे मागे टाकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथेच रस्त्याला लागून आहे. पुढे दासगाव. महाडला जाणारे बहुतेकजण हे गाव न पाहता पुढे जातात, म्हणून इथे जरा थांबतो. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि मुंबईचे सत्याग्रही पद्मावती बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दासगावच्या बंदरात उतरले. धरमतरवरूनही वाट होती. दासगाव निवडले त्यामागे साधा व्यवहार होता. बसमालकांनी ऐनवेळी अस्पृश्यांना गाडीत घेतले नाही तर दासगावहून महाड पाच मैल, चालत गाठता येते. महाडच्या व्यापाऱ्यांनी धान्य-सामान द्यायचे नाकारले, परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुस्लीम गृहस्थाने दिली. आज आपण म्हणतो की सत्याग्रहाला धैर्य लागले. लागलेच, पण वाहन दुसऱ्याच्या हातात आहे आणि ते कधीही बंद पडेल, हा हिशेबही आधी मांडावा लागला होता.

महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी रस्त्यावरूनच दिसतात. रात्री ओळखीच्या बांधवांकडे मुक्काम केला. सकाळी चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ येथे अभिवादन, त्रिसरण-पंचशील. गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, सगळे वाचकांना ठाऊक आहे. अकरा वाजता पोलादपूरच्या वाटेला लागलो. वाटेत सावित्री नदी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. आता नवा पूल आहे. तरी गाडी आपोआप हळू झाली.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागतो. उजवीकडे दरी, डावीकडे कातळ, वळणावर वळण. याच घाटात २८ जुलै २०१८ ला सहलीला निघालेली बस दरीत कोसळली आणि एकच माणूस वाचला. अशा चढावर नवखा चालवणारा एक गोष्ट हमखास करतो : वळणावर गियर न बदलता क्लच अर्धा दाबून गाडी ओढतो. त्याने आत क्लचच्या प्लेटा तापतात आणि बाहेर वायरवर ताण येतो. वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ. लिव्हरपाशी तिचे एकेक सूत तुटत जाते, आणि शेवटचे सूत तुटते ते बरोबर उभ्या चढावर. सफाई खात्यातल्या स्नेह्यांच्या हातात लिव्हर मोकळी आली तेव्हा प्रतापगडचा फाटा अजून लांब होता. मागून एसटी, पुढे कठडा. गाडी ढकलत कडेला घेतली. भाच्याने पिशवीतली जादा वायर काढली, जुन्या वायरच्याच वाटेने ओवली, दोन्ही टोके बसवली. वीस मिनिटे लागली. तेवढ्यात तीन गाड्या थांबून विचारून गेल्या. घाटात माणूस माणसाला विचारतो, ही चांगली रीत अजून आहे.

मला तिथे कठड्यावर बसून चाळीसगाव आठवले. ऑक्टोबर १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. वस्तीतले बांधव स्टेशनवर आले होते. बाबासाहेबांना वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्या पाहुण्याने पायी जाणे बांधवांना बरे दिसेना, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती नेहमी जातिभेदाचा दाखला म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या हाकणाऱ्याकडे पाहा. त्याच्या मनात खोट नव्हती, भक्ती कमी नव्हती. हातात कसब नव्हते, आणि कसब नव्हते कारण लगाम त्याच्या हातात कुणी कधी येऊच दिला नव्हता. भाच्याची नखे खरेच काळी होती. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट. वर पोचता पोचता जुनी गाडी धाप टाकू लागली आणि बाजाराच्या अलीकडे बंद पडली. प्लग काढला तर काजळीने काळाठिक्कर. उंचावर हवा विरळ होते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल पहिल्याएवढेच सोडतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून धूर आणि काजळी. त्यात सगळा चढ पहिल्या-दुसऱ्या गियरवर. लडाखच्या खिंडींत तर हवा जवळपास निम्मी होते, तिथे जुन्या गाड्यांचे काय हाल होत असतील! प्लग काचपेपरने घासला, पुसला, बसवला. पहिल्या किकला चालू. महाबळेश्वर पाहिले का, असे घरी सर्वांनी विचारले. पाहिले नाही. ऊन उतरायला लागले होते आणि साताऱ्याला पोचायचे होते.

केळघर घाट उतरून मेढ्याकडे निघालो आणि दिवेलागणीला मागचे चाक बसले. रस्त्याच्या खाली एक वाडी होती, चार-पाच घरे. गाडी ढकलत पहिल्याच घरासमोर नेली. अंगणात एक म्हातारबाबा बसले होते.

"कुठनं आला पावनं?"

"मुंबईहून बाबा, शीवहून. चाक पंक्चर झालंय. घमेलंभर पाणी मिळेल का?"

ट्यूबचे भोक साध्या नजरेला दिसत नाही. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. म्हणून पाणी हवे होते. आजीबाईंनी घमेले भरून आणून ठेवले. भाच्याने टायर सोडवले, खिळा काढला, भोक सापडले. ती जागा काचपेपरने खरवडली, सोल्युशन लावून वाळू दिले, ठिगळ दाबले. बाबा बॅटरीचा उजेड धरून उभे होते. काम अर्ध्यावर आले तेव्हा त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हनलं?"

हा प्रश्न कुठे ना कुठे येतो हे आपल्याला माहीत असते, आणि येतो तेव्हा पोटात काहीतरी हलतेच. भाच्याने मान वर न करता आडनाव सांगितले आणि पुढे, "बौद्ध आहोत आम्ही," असेही सांगून टाकले.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. बॅटरीचा उजेड मात्र हलला नाही. मग म्हणाले, "पोराची स्कूटर दोन म्हैने बंद हाय. बघतोस का?"

चाक बसवून झाल्यावर भाच्याने स्कूटर पाहिली. उभी राहून राहून पेट्रोल शिळे झालेले, कार्बोरेटरच्या बारीक नळीत चिकटा बसलेला. ते पेट्रोल काढून टाकले, नळी फुंकून साफ केली, प्लग घासला, आमच्या गाडीतले थोडे पेट्रोल घातले. सात-आठ किका मारल्यावर स्कूटर चालू झाली. आजीबाई चहा घेऊन आल्या. सगळ्यांना एकसारखे कप होते, त्यांनाही आणि आम्हालाही. मी कप मोजून पाहिले. ही सवय जात नाही. घमेले मात्र अंगणातच पडून होते; ते विसरले म्हणून की दुसऱ्या कशासाठी, त्याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

"किती झालं?" बाबांनी विचारले.

"दोनशे," भाचा म्हणाला.

कंडक्टर स्नेही हळूच म्हणाले, "राहू दे रे. पाणी दिलं, चहा दिला."

"काका, त्यांनी पाण्याचे पैसे घेतले का? नाही ना. पाणी माणसाने माणसाला द्यायचं असतं. हे माझं काम आहे. त्यांनी किती विचारलं, मी सांगितलं."

बाबांनी कनवटीतून दोन नोटा काढून त्याच्या हातात दिल्या. वरून टाकल्या नाहीत, हातात दिल्या. माझ्या आजोबांनी गावकीची कामे केली ती वतनापायी, आणि मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागून आणली. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. भाच्याला हा इतिहास तपशिलाने माहीत नाही. त्याला त्याचा दर माहीत आहे.

साताऱ्यात सकाळी प्रतापसिंह हायस्कूल पाहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला बालभीमाचे नाव इथे दाखल झाले; तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मग उंब्रजवरून मसूरला गेलो. मसूर स्टेशन पाहायला कोणी जात नाही, पण आपल्या लोकांनी जावे. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने इथे उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले महारांची आहेत कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार! नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती कासरा, आणि रात्रभर प्यायला पाणी नाही. आम्ही फलाटावर बसून डबा खाल्ला. पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून रात्री पुण्यात आलो. दुसऱ्या दिवशी देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथून कार्ले. ही लेणी कोकणातून घाट चढून देशावर जाणाऱ्या व्यापारी वाटेवर आहेत. दमलेल्या वाटसरूला आधार होता तो अशा विहारांचा. चैत्यगृहाच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत राजे-सरदार नाहीत असे नाही, पण धेनुकाकटचा एक गंधविक्या आहे आणि त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे, ज्याने दार केल्याचे दगडात कोरले आहे. दोन हजार वर्षे झाली. सुताराचे नाव बुद्धाच्या लेण्यावर आहे, आणि त्याची नखे कशी होती हे कुणी विचारलेले दिसत नाही. भाच्याला तो लेख दाखवला. त्याला ब्राह्मी वाचता येत नाही, मलाही नाही, पण त्याने बोटाने हवेतच ती अक्षरे गिरवून पाहिली.

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने बोरघाट उतरलो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बहाद्दर पुष्कळ; त्यांचे ब्रेक अर्ध्या घाटात तापतात. उताराला दुसऱ्या गियरवर राहावे, इंजिनच गाडी धरते. एवढे पाळूनही जुन्या गाडीच्या मागच्या ब्रेकला जळका वास आला आणि पेडल पोकळ लागू लागले. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचे नाही, नुसते निवू द्यायचे. येणारेजाणारे नाणी टाकत होते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा शिंग्रोबा हा धनगर होता आणि वाट कळल्यावर त्यालाच मारले, अशी कथा सांगतात. आम्ही नाणे टाकले नाही. वाट माहीत असलेल्या एका कष्टकरी माणसाला नमस्कार केला आणि अर्ध्या तासाने उतरलो. खोपोलीत ब्रेकचे लायनर बदलले, तेही भाच्यानेच, दुकानाच्या पायरीवर बसून.

हिशेब माझ्याकडे होता. दोन्ही गाड्यांचे पेट्रोल दोन हजार नऊशे चाळीस, लायनर एकशे ऐंशी, मुक्काम-जेवण वेगळे. क्लच वायर आणि ठिगळ घरचेच. जमेच्या बाजूला एकच नोंद : केळघर घाटाखाली, स्कूटर दुरुस्ती, रुपये दोनशे. बहिणीने वही चाळताना ती पाहिली आणि हे कसले पैसे म्हणून विचारले. भाच्याने सगळे सांगितले, मी कप मोजले तेही सांगितले. आता चाळीसगावचे ठरते आहे. या वेळी बहिणीलाही यायचे आहे, आणि मागच्या सीटवर जाड गादी बसव, असे तिने त्याला बजावले आहे.